एकोप्याचा इतिहास

६ फेब्रुवारी

चर्चमधला सकाळच्या प्रार्थनेचा मिस्सा झाल्यावर फादरनी मला हाताला धरून ऑफिसात नेलं, स्वतः खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "सर, ऑक्टोबरात आपल्या चर्चला, आपल्या धर्मग्रामाला पंचाहत्तर वर्षं होतायत. इतिहास लिहायला हवा. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण फादर तरुण आहेत, इथे येऊन वर्षही झालेलं नाही. नको म्हणजे खरंच नको असं समजून बसतील अशी भीती वाटली. म्हणून हो म्हणून टाकलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हालाच का?"

"मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला दुसरा माणूस आहे का इथे? शिवाय चर्च काढलं कोणी? माझ्या आजोबांनी."

"हं," ही म्हणाली. हिचं 'हं' कधीच नुसतं 'हं' नसतं.

आजपासून ही दैनंदिनी ठेवतो आहे. मनातला राग-लोभ इथे काढून ठेवला की पुस्तकात सांडत नाही. तसा माझ्या मनात कोणाविषयी राग नाही.

९ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण झालं. आजोबा गवंडी होते, पुढे छोटे कंत्राटदार झाले. त्या काळी सगळे जण नाल्यापलीकडच्या जुन्या चर्चला जात. "वृद्धांना आणि बालकांना भर पाण्यातून नाला ओलांडावा लागू नये, या कळकळीपोटी त्यांनी स्वतःच्या वीटभट्टीच्या शेडमध्ये प्रार्थना सुरू केली. एकोप्याचं ते पहिलं पाऊल होय." हे वाक्य मी स्वतःच दोनदा मोठ्याने वाचलं.

हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "नर्सबाईंना विचारलंत?"

१४ फेब्रुवारी

नर्सबाई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. आयुष्य प्रसूतिगृहात गेलं. अर्धं धर्मग्राम त्यांच्या हातून जगात आलं, त्यामुळे कोणाचाही मुलाहिजा ठेवत नाहीत. मला अजून 'ए' म्हणतात.

"ए, कसला नाला? त्या नाल्यात पाणी कुठं होतं! शेरडं उड्या मारून जायची."

"मग आजोबांनी वेगळं चर्च का काढलं?"

"घोरायचा म्हणून."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण बाईंनी नीट बैठक मारून सगळं सांगितलं. त्या लहान होत्या, आजोबांच्या मागच्याच बाकावर. प्रवचन चाललं होतं आणि आजोबांचं घोरणं पार दरवाजापर्यंत ऐकू जात होतं. जुन्या चर्चचे फादर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "ज्यांना झोपच काढायची आहे त्यांनी घरी जावं." आजोबा जागे झाले, टोपी डोक्यावर ठेवली, "चला" म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्यामागून भाऊ, भावजया, जावई, कामावरचे गडी, सगळ्यांची पोरंबाळं. बाकांमागून बाकं रिकामी झाली.

"पुढच्या रविवारी वीटभट्टीत प्रार्थना," नर्सबाई म्हणाल्या. "तिथंही घोरलाच. पण तिथं बोलणार कोण? शेड त्याचीच!" आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

वय झालं की आठवणींची सरमिसळ होते. मी प्रकरणात एवढाच बदल केला: "तत्कालीन धर्मगुरूंशी विचारविनिमय करून."

२ मार्च

इतिहासाचं साधन म्हणून म्हातारी माणसं फार धोक्याची. रविवारी दुसरा मिस्सा का सुरू झाला, म्हणून विचारायला गेलो. मला वाटलं होतं, भाविक वाढले असतील. कळलं ते असं की गायकांत दोन तट पडले आणि एका तटाने दुसऱ्याबरोबर एका छपराखाली गायचं नाकारलं. डावीकडची छोटी वेदी का बांधली? फुलं कोणी लावायची यावरून दोन जावांचं वाजलं, म्हणून दोघींना दोन वेद्या. घंटेचा मनोरा एवढा उंच का? नाल्यापलीकडच्या घंटेचा आवाज आजोबांच्या डोक्यात जायचा, म्हणून.

मी अनुक्रमे लिहिलं: "श्रद्धेचा वाढता ओघ", "महिलांचा उत्स्फूर्त सहभाग" आणि "दूरवरच्या भाविकांची सोय".

फादरना हे सगळं गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "म्हणजे प्रत्येक वेळी भांडण झालं आणि प्रत्येक वेळी माणसं वाढली?"

"भांडण नाही फादर, मतभेद."

"आणि शेवटचं... शेवटचा मतभेद कधी झाला?"

मी अभिमानाने सांगितलं की गेली कित्येक वर्षं आमच्याकडे अगदी शांतता आहे. फादर खिडकीतून बाहेर बघत बसले. तरुण माणसांचं लक्ष लवकर उडतं.

१९ मार्च

चर्चच्या आवारात दोघे जण टेप धरून मापं घेत होते. बिशपसाहेबांच्या कार्यालयातून आले होते. मी जाऊन ओळख करून दिली आणि सांगितलं की महोत्सवाचा मंडप डाव्या अंगाला घाला, उजवीकडे दफनभूमीचं फाटक आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "बरं." नम्र माणसं.

आजच्या मिस्साला ऐसपैस बसायला मिळालं. पूर्वी कोपराला कोपर लागायचं. प्रगती म्हणतात ती ही.

८ एप्रिल

आज धक्का बसला. फादर म्हणाले, "सर, संगीताचा भाग तुमच्या मेव्हण्यांकडे दिलाय."

ऑर्गन वाजवणारा हा हिचा धाकटा भाऊ. आमच्या लेकीच्या लग्नापासून तो आमच्या उंबऱ्यात आलेला नाही. कारण इतकं क्षुल्लक की लिहायलाही संकोच वाटतो. लग्नविधीत तो एका गीताची कडव्यांवर कडवी वाजवत सुटला होता. बाहेर जेवणवाले खोळंबले होते. मी फक्त घड्याळ पाहिलं. त्याने ऑर्गनचं झाकण दाणकन बंद केलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर निघून गेला. ही म्हणते की मी घड्याळ हात उंच करून पाहिलं, आणि ते पाहताना उभा राहिलो होतो. घड्याळ पाहण्याच्या पद्धती असतात का?

ही त्याला रस्त्यात भेटते. माझ्या पाठीमागे डबेही जातात, हे मला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. मी भांडणारा माणूस नव्हे.

११ मे

फादरनी नवीन टूम काढली आहे. दर रविवारी मिस्सानंतर एक पान मी वाचायचं, एक पान हिच्या भावाने. मी 'श्रद्धेचा वाढता ओघ' वाचलं. लोक शांतपणे ऐकत होते, काहींनी डोळे मिटून घेतले होते. मग तो उठला. संगीताचा इतिहास म्हणता म्हणता त्याने त्या दोन तटांची सगळी कुंडलीच मांडली. कोण बेसूर होतं, कोणी कोणाचं गाण्याचं पुस्तक लपवलं, नावानिशी!

बाहेर पडताना अंगणात घोळके जमले. बेकरीवाला ओरडत होता, "माझा आजोबा बेसूर? पुढच्या रविवारी येऊ दे, सगळ्या घरादाराला घेऊन येतो!"

मी फादरना म्हणालो, हे थांबवा. ते म्हणाले, "बघतो हं सर." त्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली नाही.

१ जून

आज बसायला जागा नव्हती. बेकरीवाल्याची तीन पिढ्यांची माणसं. त्या दोन जावांच्या सुना, त्यांच्या मुली, कुठल्या कुठून आलेल्या. आपापल्या बाजूच्या वेदीला फुलं लावून बसल्या होत्या. मागे माणसं उभी होती. लोकांना चांगल्या गद्याची भूक असते, ती फक्त जागवावी लागते.

२२ जून

हे पान लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

हिच्या भावाने आज नर्सबाईंनी सांगितलेली गोष्ट वाचली. आजोबा, प्रवचन, टोपी, "चला". घोरण्याचा आवाज त्याने ऑर्गनच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर वाजवून दाखवला. चर्च हसून हसून आडवं झालं. फादरनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

त्याचं मला काही नाही. पण मी शेजारी पाहिलं, तर हीसुद्धा हसत होती. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आणि हसली ती त्याच्या विनोदाला.

मी उठून बाहेर आलो. फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं की आपल्यामागून कोणीच आलेलं नाही.

२४ जून

फादरकडे जाऊन सांगितलं की मी इतिहासलेखनातून मुक्त होतो आहे.

"ठीक आहे सर," ते म्हणाले. "मग तुमच्या मेव्हण्यांचंच सगळं छापू."

मी ताबडतोब विचार बदलला. जबाबदारी अशी अर्ध्यावर टाकता येत नाही.

घरी दोन दिवस बोलणं नव्हतं. रात्री जेवताना मीच म्हणालो, "तुला माझ्या आजोबांवर हसायला लाज वाटली नाही?"

हिने ताट सरकवलं. "तुम्हाला आजोबांचं पडलंय. चर्च बंद होणार आहे, कळतंय का?"

"कुठलं चर्च?"

"आपलं! ते टेपवाले काय मंडपासाठी आले होते? माणसं येत नाहीत म्हणून आपल्याला नाल्यापलीकडच्या चर्चमध्ये घालणार आहेत. ऑगस्टात बिशपसाहेब स्वतः बघायला येतायत. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"फादरनी सांगितलं. मी सांगितलं. तुम्ही तेव्हा प्रस्तावना वाचून दाखवत होतात."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो. थोड्या वेळाने ही हळू आवाजात म्हणाली, "माझे आईबाबा चर्चमागच्या मातीत आहेत. इथे कुलूप लागलं तर फाटक कोण उघडणार? कोणाच्या तरी ऑफिसात किल्ली मागायला जायचं?" मग ताटं उचलून आत गेली. हिच्या वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते ह्याच चर्चच्या पायरीवर. "मुलगा जरा जास्त बोलतो," असं म्हणाले होते म्हणे, पण हो म्हणाले.

६ जुलै

गप्प बसून चालणार नाही. घरोघरी जाऊन लोकांना बिशपसाहेबांच्या भेटीला यायची विनंती करतो आहे. एकोप्याचं आवाहन करतो. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. "बघू", "जमलं तर", "त्या दिवशी जरा काम आहे."

मग बेकरीवाल्याकडे सहज बोलता बोलता निघालं की त्या दिवशी दोन्ही इतिहास बिशपसाहेबांपुढे वाचले जातील. मी फक्त एवढंच म्हणालो की समोरच्या तटाची माणसं झाडून सगळी येणार आहेत. बेकरीवाल्याने तिथल्या तिथे बाहेरगावच्या भावांना फोन लावला. फुलांवरून भांडलेल्या थोरल्या जाऊबाईंच्या सुनेला मी फक्त एवढंच सांगितलं की धाकटीकडच्यांनी फुलांची मोठी तयारी चालवली आहे. धाकटीकडेही जाणं भाग होतं. त्यांना वगळलं असं वाटायला नको.

कानावर आलं की हिचा भाऊही घरोघरी हिंडतो आहे आणि लोकांना माझ्याविषयी काहीबाही सांगतो आहे. एका दारात समोरासमोर आलो. त्याने मान वळवली. मीही. पण मी नंतर वळवली.

१७ ऑगस्ट

बिशपसाहेब आले.

चर्च असं कधी पाहिलं नव्हतं. बाकांवर माणसं, बाकांमध्ये माणसं, खिडक्यांत मुलं, अंगणात खुर्च्या. दोन्ही वेद्या फुलांनी इतक्या भरल्या होत्या की फादरना मेणबत्त्या शोधाव्या लागल्या. दोन्ही तटांचे गायक ऑर्गनच्या दोन बाजूंना दाटीने उभे राहिले आणि एकमेकांचा आवाज बुडवण्यासाठी असे गायले, असे गायले, की तावदानं थरथरली. बिशपसाहेबांनी डोळे मिटले. ते म्हणाले, असं सामुदायिक गायन त्यांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

माझ्या वाचनाच्या वेळी मात्र विचित्र घडलं. मी उभा राहिलो, "एकोप्याचं ते पहिलं पाऊल" इथपर्यंत आलो आणि पुढचं अक्षर दिसेना. दफनभूमीच्या फाटकाची ती किल्ली मनात आली. मी कागद खाली-वर करत राहिलो. सगळं चर्च वाट पाहत होतं. तेवढ्यात ऑर्गनवर हळूच सूर निघाला. हिच्या वडिलांचं आवडतं गीत. ते त्याने संथ वाजवत ठेवलं, माझ्याकडे न बघता, मला पाणी पिऊन चष्मा पुसता येईपर्यंत. लोकांना वाटलं, हे असंच ठरलं असेल.

तो बहुधा माझं वाचन लांबणीवर पडावं म्हणून वाजवत होता. काहीही असो, सूर बरा होता. मी घड्याळ पाहिलं नाही.

जाताना बिशपसाहेबांनी नर्सबाईंना विचारलं, "आजी, हे सगळे नेहमीच असे एकत्र येतात?"

"एकेकटे कसे भांडतील?" नर्सबाई म्हणाल्या. फादरनी घाईने बिशपसाहेबांना गाडीकडे नेलं.

३ सप्टेंबर

निर्णय आला. आपलं चर्च राहणार! ही बातमी ऐकून ही तशीच चपला घालून मागच्या मातीत जाऊन आली. काय बोलली तिथे, मला सांगितलं नाही.

पण दोन्ही ठेवता येत नाहीत. बंद होणार ते नाल्यापलीकडचं जुनं. तिथली उरलेली माणसं आपल्याकडे येतील. आजोबा आज असते तर! असं म्हणून मी हसलो, पण ते हसू टिकलं नाही.

२८ सप्टेंबर

जुन्या चर्चच्या शेवटच्या मिस्साला गेलो. जायलाच हवं होतं असं नाही. थोडीशी माणसं, बहुतेक माझ्या वयाची, मोठ्या रिकाम्या बाकांवर विखरून बसलेली. तिथे म्हणे कधीच कोणाचं भांडण झालं नाही. आजोबा उठून गेल्यानंतर तिथे भांडायला कोणी उरलंच नव्हतं.

मिस्सा झाल्यावर त्यांचा म्हातारा घंटावाला दोर हातात धरून उभाच राहिला. सोडेना. त्याचा मुलगा म्हणत होता, "बाबा, चला आता." मी जवळ गेलो. काय बोलावं सुचेना. मी, ज्याला कधी शब्द कमी पडले नाहीत. शेवटी म्हणालो, "आमच्याकडची घंटा जड आहे. वाजवायला माणूस नाही."

हे खरं नव्हतं. आहे एक माणूस, आणि तो चिडणार आहे. पण म्हाताऱ्याने दोर सोडला.

५ ऑक्टोबर

नवीन मंडळींचा आपल्याकडे पहिला रविवार. आपण मनापासून स्वागत केलं. मीच दारात उभा होतो.

पण काय माणसं ही! आत आली ती थेट पुढच्या बाकांवर. विचारणं नाही, काही नाही. त्यांच्या घंटावाल्याने मिस्सापूर्वी इतका वेळ घंटा वाजवली की आपला घंटावाला बाहेर जाऊन बसला. आणि त्यांच्यातली एक बाई ऑर्गन वाजवते. तिने सरळ विचारलं, "एक रविवार तुम्ही, एक रविवार मी?" त्यांच्याकडे गीतं इतकी भरभर म्हणतात, जणू कोणाची गाडी सुटते आहे.

बाहेर पायरीवर हिचा भाऊ एकटाच उभा होता. चेहरा उतरलेला. मी शेजारून जात होतो. त्याच्याकडे न बघता म्हणालो, "हे काय गाणं झालं? कडवी कुठे गेली सगळी?"

तो गर्रकन वळला. "दाजी, तुम्हीच सांगा! गीताचा जीव कडव्यांत असतो!"

"तेच म्हणतो मी."

"आणि पुढे जाऊन बसले ते पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? अरे, तिथे माझे आजोबा बसायचे!"

बोलत बोलत आम्ही कधी चालू लागलो, कळलं नाही. मध्येच लक्षात आलं की आपल्या दारात उभे आहोत आणि तोही आहे. तो थबकला. मीही. विषय अजून संपला नव्हता, म्हणून मी म्हणालो, "आत ये, रस्त्यात कशाला?"

हिने दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं. आत गेली आणि तिसरं ताट मांडलं.

"ताई, मला थोडंच वाढ," तो म्हणाला. हिने थोडं वाढलं नाही. जेवताना आम्ही दोघांनी नवीन मंडळींचा बारीकसारीक विचार केला. ऑर्गनचं झाकण कोणी उघडायचं याविषयी नियम हवा, यावर आमचं पूर्ण एकमत झालं. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा जेवायला यायचं ठरलं आहे, कारण बरंच ठरवायचं बाकी आहे. बेकरीवाल्यालाही बोलवावं म्हणतो.

तो गेल्यावर मला एकदम स्फूर्ती आली. इतिहासाचं शेवटचं प्रकरण तिथल्या तिथे सुरू केलं आणि हिला पहिलं वाक्य वाचून दाखवलं: "अशा रीतीने दोन धर्मग्रामांचं प्रेमळ मीलन झालं आणि त्या एकोप्याचा सुगंध घराघरांत दरवळू लागला."

ही ताटं घेऊन चालली होती. थांबली. ताटं खाली ठेवली आणि हसू लागली. खुर्ची धरून, मग खुर्चीत बसून, डोळे पुशीत, पुन्हा हसत. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं, तर हातानेच 'नको, नको' म्हणाली.

पण ह्या घरात ती इतकी कधी हसली होती ते आठवेना. म्हणून वाक्य तसंच ठेवलं आहे.